दार आतून कुणी लावलं?

धाकटी एक्कावन्न वर्षांची झाली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. घरात माणसं दोनच, ती आणि तिचा अठ्ठावन्न वर्षांचा दादा; त्यात धाकटं कोण आणि थोरलं कोण हे आता कुणाला सांगायचंय? पण एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. खाली रस्त्याला लागून दादाचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, दुकानामागे त्याची खोली आणि स्वयंपाकघर, वर धाकटीच्या दोन खोल्या. जिन्याच्या वळणावर, कोनाड्यात, एक पत्र्याचा डबा. कधीकाळी त्यात बिस्किटं असायची. गेली एकोणीस वर्षं त्यात वही असे.

त्या वहीतून आठ कादंबऱ्या बाहेर पडल्या होत्या. मुखपृष्ठावर एकच टोपणनाव. वाचकांचा समज असा की लिहिणारा कुणी निवृत्त पोलीस अधिकारी असावा, आणि त्याची बायको मोठी प्रेमळ असावी. खरी गोष्ट अशी, की कुलपं दुरुस्त करणारा दादा रहस्याची प्रकरणं लिही आणि छापखान्यात मुद्रितं तपासणारी धाकटी प्रेमाची. एक प्रकरण त्याचं, पुढचं हिचं. लिहून झालं की वही डब्यात ठेवायची, दुसऱ्याने ती उचलायची.

दोघांचा एक करार होता. वहीतली गोष्ट वहीबाहेर बोलायची नाही. जेवताना भाजीपासून पाण्याच्या बिलापर्यंत सगळ्यावर भांडा, पण काल लिहिलेल्या खुनाबद्दल चकार शब्द नाही. आणि दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. त्याने नवा माणूस आणला तर तिने त्याला पुढे न्यायचा. तिने कुणाचं हृदय मोडलं तर त्याने ते मोडकंच घेऊन पाठलाग लिहायचा. म्हणून तर त्या कादंबऱ्या वाचताना पुढे काय होणार याचा पत्ता लागत नसे. लिहिणाऱ्यांनाच नव्हता, तर वाचणाऱ्यांना कुठून लागणार?

गोष्ट एका कुटुंबाची होती. नदीकाठचं घर, आई, चार भावंडं. एका सकाळी बाप घरात नाही, आणि दार मात्र आतून बंद. कडी लावलेली, वर आडवा अडसर. खिडक्यांना गज. बाप गेला कुठून? दर पुस्तकात एका भावंडाला आपलं माणूस सापडे आणि त्या दाराबद्दलची एक नवी गोष्ट कळे. चार भावंडं, चार पुस्तकं, शेवटचं थोरल्याचं, असा साधा सरळ बेत होता. वाचकांनी पत्रं लिहून लिहून प्रकाशकबाईंना भंडावून सोडलं होतं. कुणी भुयार खणलं, कुणी बापाला जुळा भाऊ दिला, एकाने तर लोहचुंबकाने बाहेरून अडसर कसा सरकवता येईल याची आकृती काढून पाठवली. ती आकृती दादाने दुकानात डकवली होती आणि गिऱ्हाईक नसलं की तिच्याकडे बघून तो गालातल्या गालात हसे.

पण तिसरं पुस्तक संपता संपता वहिनी, दादाची बायको, आजारपणात गेली. अकरा वर्षं झाली त्याला. आणि चौथ्या पुस्तकात, थोरल्याची कथा सुरू व्हायच्या ऐवजी, धाकटीने दारात एक चुलत बहीण आणून उभी केली. तोवर त्या कुटुंबाला चुलत बहीण असल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. मग मानलेला भाऊ आला, मग आईचं तरुणपण, मग शेजारी, मग आत्या. थोरला बिचारा पाच पुस्तकं ताटकळला. प्रकाशकबाई मात्र खूश होत्या.

आणखी एक माणूस ताटकळत होता, तो खरा होता. वाचनालयाचे ग्रंथपाल. धाकटीने वाचनालयातल्या आपल्याच पुस्तकातली छपाईची चूक पेन्सिलीने दुरुस्त केली, तेव्हा त्यांनी तिला रंगेहाथ पकडलं होतं. "पुस्तकात लिहायला मनाई आहे," ते हळूच म्हणाले, "लेखकांनासुद्धा." त्यांनी कसं ओळखलं देव जाणे. पण कुणाला सांगितलं नाही, आणि तिथून पुढे धाकटीला वाचनालयात जायला रोज काहीतरी निमित्त सापडू लागलं. सात वर्षांत त्यांनी तिला चार वेळा लग्नाचं विचारलं. चारही वेळा ती म्हणाली, "हे पुस्तक संपू दे."

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. समुद्राकाठच्या गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, तिकडे निघाले होते. "रविवारी सकाळी दहाला टेम्पो येईल," ते म्हणाले. "तुम्ही येणार असाल तर तुमचं सामान आधी चढवू, माझी पुस्तकं नंतर. नाही आलात तर राग नाही. पण पाचव्यांदा विचारणार नाही. माझंही वय झालं."

धाकटीला जायचं होतं. मनापासून, अगदी पोटातून जायचं होतं. पण अर्धी वही दादाच्या हातात ठेवून जायला तिचा पाय निघत नव्हता. हे नववं पुस्तक थोरल्याचं, शेवटचं, असं प्रकाशकबाईंनी जाहीरही करून टाकलं होतं. एकविसावं प्रकरण दादाचं, त्यात दाराचं कोडं सुटणार. बाविसावं तिचं, की संपलं. दोन दिवस पुरे होते.

गुरुवारी दुपारी ती छापखान्यातून आली, चपला काढायच्या आधी जिन्यातला डबा उघडला आणि तिथेच पायरीवर बसून एकविसावं प्रकरण वाचलं. वाचता वाचता तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला, मग लालबुंद झाला. कोडं सुटायच्या ऐन क्षणी नदीवर एक होडी लागली होती. तिच्यातून एक हात नसलेला म्हातारा उतरला होता. काखेत बंद पेटी. आणि प्रकरणाचं शेवटचं वाक्य होतं: 'त्या पहाटे मी इथेच होतो.'

नवा संशयित! शेवटून दुसऱ्या प्रकरणात! धाकटी तशीच, एक चप्पल पायात आणि एक हातात, दुकानात गेली.

दुकानात दादा टेबलाशी वाकून एक कपाटाचं कुलूप उघडत होता. समोरच्या स्टुलावर कुलपाची मालकीण, चौकातल्या शिंपीणबाई. घरी कपाटात कुणाचे तरी साखरपुड्याचे कपडे होते आणि कपाट बिनकुलपाचं राहिलं होतं, त्यामुळे बाई काळजीत होत्या.

"दादा, हा म्हातारा कोण?"

"कोण म्हातारा?" दादाने मान वर केली नाही.

"होडीतून उतरलेला. पेटीवाला."

दादाचा हात थांबला. त्याने शिंपीणबाईंकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि ओठ न हलवता म्हणाला, "वहीबाहेर?"

"खड्ड्यात गेली वही! रविवारी दहाला टेम्पो येतोय आणि तू मला आणखी एक माणूस आणून देतोस? काय करू मी याचं? पाहुणचार करू, की लग्न लावून देऊ?"

"अगं, म्हणून तर दिला!" दादाही भडकला. "तुला कारण नको का?"

"कसलं कारण?"

"न जायचं! तो भला माणूस दर वेळी विचारतो, तू दर वेळी पुस्तकाआड लपतेस. मी काय आंधळा आहे? तोंडावर नाही म्हणवत नाही तुला, म्हणून पुस्तक संपूच नये याची व्यवस्था मी बघतो. तो मुका घोडेवाला कशासाठी आणला होता? त्या जुळ्या बहिणी? माझी हौस होती का ती? रहस्यात जुळी माणसं मला स्वतःला आवडत नाहीत."

धाकटीच्या हातातली चप्पल खाली पडली. "मला जायचं नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मालिका आधी तूच लांबवलीस. मी थोरल्याचं संपवायला बसलो होतो, तर तुझी चुलत बहीण दारात हजर."

"वहिनी गेली होती, दादा!" धाकटीचा आवाज चिरकला. "तीन महिने तू कुलपाला हात लावला नाहीस. दुकान बंद. जेवण ताटात तसंच. फक्त डब्यातली वही तेवढी न चुकता उचलायचास. ती पण संपवली असती तर तू काय केलं असतंस? म्हणून आणली बहीण. म्हणून आणली आत्या. मला हौस होती होय?"

भिंतीवरच्या किल्ल्यांच्या जुडग्यांकडे बघत दोघं उभी राहिली. एका छताखाली राहून, एका टेबलावर जेवून, दोघांनी एकमेकांना सावरायला वहीत गावभरची माणसं जमवली होती, आणि त्यापायी अकरा वर्षं घालवली होती. जेवताना एकाने एकदा, फक्त एकदा, विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारायचं नाही हाच तर करार. शहाणी माणसं वेडेपणा करतात तेव्हा तो असा नियमाने, वेळच्या वेळी करतात.

"थोडं माझ्यासाठीही लांबवलं," दादा मग खालच्या आवाजात म्हणाला. "खोटं कशाला बोलू? डबा उघडला की वाटायचं, चला, घरात कुणीतरी आहे."

"मी होतेच ना वर."

"होतीस. पण जिन्यावरून उतरताना तुझं तोंड नेहमी वाचनालयाच्या दिशेला."

धाकटीला हसू आलं आणि रडूही आलं. तिने दोन्ही येऊ दिलं.

"एक मिनिट," स्टुलावरून शिंपीणबाई म्हणाल्या. इतका वेळ त्यांच्या तोंडाचा आ वासलेला होता. "घोडेवाला... चुलत बहीण... म्हणजे ते तुम्ही? तुम्ही दोघं? अहो, मी वाचनालयात नंबर लावून वाचते! आत्याच्या वेळी सहा आठवडे थांबले!" त्या उठून उभ्या राहिल्या. "माझं कपाट मरू दे. दार कुणी लावलं ते आधी सांगा."

"बाई, तुमचं कुलूप उघडलंय," दादा म्हणाला.

"मी कुठे जात नाही."

दादाने सुस्कारा सोडला, टेबलाचा सगळ्यात खालचा खण ओढला आणि कोऱ्या किल्ल्यांच्या खोक्याखालून घडी घातलेली आठ पानं काढली. कागद पिवळा पडला होता, शाई फिकी. "हे घे," तो धाकटीला म्हणाला. "शेवट. अकरा वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय."

"अकरा?"

"तुझ्या वहिनीला वाचून दाखवला होता. तेवढा एकदाच करार मोडला मी. तिला कळायला हवं होतं गं. पुस्तक येईपर्यंत थांबायला तिच्याकडे वेळ कुठे होता?" त्याने चष्मा काढून उगाचच पुसला. "ऐकून म्हणाली, छान आहे, आता फार लांबवू नका. आणि आपण बघ."

धाकटी दुसऱ्या स्टुलावर बसली आणि वाचू लागली. शिंपीणबाई मान लांब करून बघत होत्या, पण दादाचं अक्षर म्हणजे त्याच्याइतकंच गूढ.

भुयार नव्हतं, जुळा भाऊ नव्हता, लोहचुंबक तर नव्हतंच. बापाने काही बड्या धेंडांविरुद्ध साक्ष दिली होती आणि ती माणसं घरावर पाळत ठेवून होती. बाप घरात राहिला असता तर पोरांच्या जिवावर बेतलं असतं. त्या पहाटे सतरा वर्षांच्या थोरल्याला जाग आली, तेव्हा बाप दाराशी उभा होता. थोरल्याने त्याला थांबवलं नाही. अंधारात त्याच दाराने गुपचूप बाहेर सोडलं आणि आतून कडी लावली, अडसर टाकला. दार आतून बंद दिसलं की पाळतीवरच्या माणसांना वाटणार, बाप आतच आहे. तेवढ्या दोन तासांत तो नदीपार गेला. आणि थोरला वीस वर्षं गप्प राहिला. कुणी बापाचा माग काढायला जाऊ नये म्हणून. आई त्याच्यावर रुसली, भावंडांनी संशय घेतला, तरी मूग गिळून बसला.

शेवटच्या पानावर थोरला आईला सांगत होता: 'जाणाऱ्याला सुखरूप जाऊ द्यायचं, तर आतून कुणीतरी कडी लावावी लागते. ती मी लावली.'

"गंज," धाकटी एकदम म्हणाली. "पहिल्या पुस्तकात, तिसऱ्याच पानावर. सकाळी थोरला दूध आणायला जातो तेव्हा त्याच्या तळहाताला गंज लागलेला असतो. मला वाटलं तुझी चूक आहे. मुद्रित तपासताना हात शिवशिवत होते काढून टाकायला."

"पण खोडायचं नाही म्हणून ठेवलंस."

"पण खोडायचं नाही म्हणून ठेवलं." तिने डोळे पुसले. "इतकं सोपं होतं, दादा."

"सोपंच असतं. तीस वर्षं हेच बघतोय. लोक घाबरून येतात, कुणी बाहेरून दार लावलं म्हणतात. दहातल्या नऊ वेळा लावणारं माणूस घरातलंच निघतं." त्याने लोहचुंबकाच्या आकृतीकडे बोट दाखवलं. "आणि हे इंजिनिअर."

शिंपीणबाईंना काही सांगितलं नाही. पुस्तक यायला सहा महिने लागतील हे ऐकल्यावर त्यांनी विचारलं, तोवर मला काही झालं तर? दादा म्हणाला, होणार नाही, तुमची प्रकृती उत्तम आहे. बाई लाजल्या आणि कुलूप घेऊन गेल्या.

शुक्रवारी आणि शनिवारी धाकटीने छापखान्यातून रजा घेतली आणि खिडकीशी बसून लिहिलं. होडीतल्या म्हाताऱ्याला खोडता येत नव्हतं. मग तिने त्याला कामाला लावलं. त्यानेच बापाला नदीपार नेलं होतं, आणि पेटीत बापाने वीस वर्षांत लिहिलेली, पाठवता न आलेली पत्रं होती. ती बड्या धेंडांची सत्ता आता मोडली होती. त्यापुढे दादाची पिवळी पानं आली, आणि मग तिचं शेवटचं प्रकरण. थोरल्यासाठी थांबलेली घाटावरची परिचारिका होती. पाच पुस्तकं ती कुणाला न कळता थांबून होती. तिला धाकटीने घराच्या पायरीवर आणलं. आतून अडसर काढल्याचा आवाज झाला. दार थोरल्याने उघडलं, आणि तिच्या मागे, काठी टेकत, बाप उभा होता.

शनिवारी संध्याकाळी वही डब्यात गेली. दादाने ती स्वयंपाकघरात बसून वाचली. धाकटी कपबशा पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

"संपवलंस," तो म्हणाला.

"हं."

"बापाला परत आणलंस. माझ्या मनात नव्हतं ते."

"प्रेमाचं प्रकरण माझं असतं."

त्याने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. धाकटीने तेवढ्यात विचारून घेतलं, इतक्या वर्षांचं एकदाच, "राहशील ना नीट?"

"राहीन. सुरुवातीला जड जाईल. जेवायला दोन ताटं काढीन, मग एक ठेवून देईन." त्याने वही तिच्याकडे सरकवली. "पण तू इथे बसून राहिलीस आणि कारण मी असलो, तर ते मला जास्त जड जाईल. आणि गिऱ्हाइकं आहेत. आज शिंपीणबाई आल्या होत्या, तेच कुलूप घेऊन. बिघडलंय म्हणाल्या."

"बिघडलं होतं?"

"छे. चांगलं ठणठणीत आहे. सोमवारी या म्हटलं, बघतो."

रविवारी टेम्पो दहाला म्हणजे दहाला आला. ग्रंथपाल ड्रायव्हरशेजारी इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसले होते. दारात धाकटी, आणि तिच्या पायाशी दोन बॅगा आणि शिवणयंत्र दिसल्यावर मात्र त्यांचा ताठा गेला, आणि उतरताना ते पायरी चुकले. त्यांनी आपली सगळी पुस्तकं पुन्हा खाली उतरवली, आधी तिचं सामान चढवलं, मग पुस्तकं. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला.

दादाने धाकटीच्या हातात एक किल्ली दिली. घराची, नवी, आदल्या दिवशीच कानस मारून गुळगुळीत केलेली. "कधीही ये. दिवसा कडी नसते."

"माहितीये."

"आत्ता मात्र लावणार आहे. नाहीतर तू तीनदा परत येशील. गॅस बंद केला का, खिडकी लावली का. तुला मी ओळखत नाही का? कडी लागल्याचा आवाज आला की मागे वळायचं नाही. सरळ टेम्पोत."

धाकटी त्याच्या गळ्यात पडली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. त्याच्या सदऱ्याला तेलाचा आणि लोखंडाचा वास होता. तो तिच्या डोक्यावर थोपटत म्हणाला, "जा गं. पोचलीस की फोन कर."

ती तीन पायऱ्या उतरली. मागे दार लोटलं गेलं आणि आतून कडी बसली. चांगली जोरात, ऐकू जावी अशी. धाकटी क्षणभर थांबली, पण वळली नाही. टेम्पोत चढली, आणि ग्रंथपालांनी तिला खिडकीची जागा दिली.

चौक मागे पडला, वाचनालय मागे पडलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ग्रंथपालांनी घसा खाकरला. "मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. पण आता संपलंच आहे, तर... दार आतून कुणी लावलं होतं?"

वहीतली गोष्ट धाकटीने एकोणीस वर्षांत तोंडाने कधी कुणाला सांगितली नव्हती. तिने मुठीतली किल्ली घट्ट धरली. किल्लीला अजून दादाच्या हाताची ऊब होती.

"थोरल्या भावाने," ती म्हणाली. "ऐका, सुरुवातीपासून सांगते."